श्वसनसंसर्गांचे हंगामोहंगाम सर्वेक्षण: खानदेशातील प्रयोगशाळांसाठी मार्गदर्शक

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पावसाळा स्थिरावला की काही आठवड्यांत बाह्यरुग्ण विभागात ताप-खोकल्याच्या रुग्णांची गर्दी वाढते, आणि दरवर्षी आरोग्य यंत्रणेला एकच प्रश्न विचारला जातो: यंदाची साथ नेहमीसारखी आहे की तिच्यात काही वेगळे आहे? नेहमीचे प्रमाण किती, हे आधीच्या काही हंगामांत शांतपणे मोजून ठेवलेले असेल तरच याचे उत्तर देता येते. साथ आल्यावर घाईघाईने केलेल्या शेकडो तपासण्यांपेक्षा दर आठवड्याला ठरावीक पद्धतीने केलेल्या मोजक्या तपासण्या, मग साथ असो वा नसो, कितीतरी अधिक सांगून जातात. पुढील मांडणी जिल्हा रुग्णालयातील किंवा वैद्यकीय महाविद्यालयातील प्रयोगशाळा, तिला नमुने पाठवणारे वैद्यकीय अधिकारी आणि तंत्रज्ञ यांच्यासाठी आहे.

केंद्रे आणि रुग्णांची निवड

सर्वेक्षणाचे पहिले काम प्रयोगशाळेच्या बाहेर होते, आणि सर्वाधिक नुकसानही तिथेच होते. नमुने फक्त जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयातून घेतले, तर हाती येते ते गंभीर आणि उशिरा पोहोचलेल्या रुग्णांचे चित्र. म्हणून एक मोठे रुग्णालय, भुसावळसारखे रेल्वेमुळे सतत ये-जा असलेले एक शहर, चोपडा किंवा शिरपूरकडचे एक उपजिल्हा अथवा ग्रामीण रुग्णालय आणि सातपुड्यातील धडगाव किंवा अक्कलकुव्याकडचे एक केंद्र अशी निवड करावी. केंद्रे थोडी असली तरी चालतील, मात्र एकदा निवडलेली केंद्रे किमान तीन-चार वर्षे बदलू नयेत. दरवर्षी नवी केंद्रे जोडली आणि जुनी गळाली, तर आलेख वर गेला तो विषाणूमुळे की केंद्रांमुळे, हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही.

रुग्ण कोणता घ्यायचा हे जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येवरून ठरवावे. फ्लूसदृश आजार म्हणजे मोजलेला ताप ३८ अंश सेल्सियस किंवा अधिक, सोबत खोकला आणि आजार गेल्या १० दिवसांत सुरू झालेला. आपल्याकडचे बहुतेक थर्मामीटर फॅरनहाइटमध्ये असतात, त्यामुळे नोंदवहीच्या पहिल्याच पानावर १००.४ हा आकडा ठळक लिहून ठेवावा. सारीच्या, म्हणजे तीव्र श्वसनसंसर्गाच्या गंभीर रुग्णासाठी तापाचा इतिहास किंवा मोजलेला ताप, खोकला, १० दिवसांची मर्यादा आणि रुग्णालयात दाखल करण्याची गरज या चार गोष्टी लागतात. बाह्यरुग्णाचा ताप मोजलेलाच हवा, रुग्णाने सांगितलेला चालणार नाही, हा आग्रह खानदेशात विशेष महत्त्वाचा आहे. कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये काम करणारे मजूर आणि नंदुरबारच्या मिरची वाळवण्याच्या पथारींवर राबणाऱ्या बाया खोकत येतात, पण त्यांचा खोकला पुष्कळदा धुळीचा आणि तिखटाचा असतो. तापाची अट सैल केली की हे सर्व रुग्ण नमुन्यांत मिसळतात आणि बाधितांचे प्रमाण हिवाळ्यात विनाकारण खाली ओढले जाते. उलट पावसाळ्यात हिवताप आणि डेंगीचे रुग्ण तापाने येतात, त्यांना खोकल्याची अट बाहेर ठेवते.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. आरएसव्ही हा विषाणू लहान बाळांना सर्वाधिक त्रास देतो आणि सहा महिन्यांखालील बाळाला त्यात ताप येईलच असे नाही. काही वेळा मधेच श्वास थांबणे एवढेच लक्षण दिसते. आरएसव्हीवर लक्ष ठेवायचे असेल तर दाखल बाळांसाठी तापाची अट काढलेली वेगळी व्याख्या वापरावी आणि त्या बाळांची नोंद वेगळ्या खुणेने करावी. फ्लूचे प्रमाण काढताना ही बाळे त्या हिशेबात मिसळू देऊ नयेत.

आता, व्याख्येत बसणारे रुग्ण चाळीस आणि नमुने घ्यायचे पाच, तर कोणते पाच? डॉक्टरांच्या मनाने निवडले तर ज्याची प्रकृती जास्त खालावलेली किंवा जो ओळखीचा, त्याचाच स्वॅब घेतला जातो. दोन ठरावीक वार ठेवावेत आणि त्या वारी आलेल्या पहिल्या पाच पात्र रुग्णांचे नमुने घ्यावेत. सारीचे दाखल रुग्ण जमल्यास सर्व घ्यावेत. ग्रामीण केंद्रात या दोन वारांपैकी एक आठवडे बाजाराचा असावा आणि दुसरा नसावा. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतले लोक बाजारहाट करून दवाखान्यातही डोकावून जातात, तर इतर दिवशी बहुतांशी गावातलेच रुग्ण येतात. दोन्हींचे मिश्रण केंद्राच्या परिसराचे खरे चित्र देते.

त्या आठवड्यात केंद्रावर एकूण किती रुग्ण तपासले गेले आणि त्यांपैकी किती व्याख्येत बसले, हे दोन आकडे नमुन्यांसोबत आलेच पाहिजेत. स्वॅब पाठवणे कोणी सहसा विसरत नाही, हे आकडे मात्र हमखास राहून जातात. त्यांच्यावाचून बाधितांची संख्या नुसती संख्याच राहते.

स्वॅब आणि त्याचा प्रवास

नमुना आजार सुरू झाल्यापासून जितका लवकर घ्यावा तितका चांगला. पहिल्या तीन-चार दिवसांत विषाणू सर्वाधिक सापडतो. स्वॅबची कांडी प्लास्टिकची आणि टोक नायलॉन किंवा पॉलिस्टरचे असावे. लाकडी काडी, साधा कापूस आणि कॅल्शियम अल्जिनेट या तिन्ही गोष्टी पीसीआरमध्ये अडथळा आणतात. नाकपुडीपासून कानापर्यंतचे अंतर डोळ्याने मापून घ्यावे, कांडी टाळूला समांतर, म्हणजे वर न झुकवता सरळ मागे न्यावी, नाकामागच्या भिंतीला टेकल्याचे जाणवले की ती हळूहळू फिरवावी आणि काही सेकंद तिथेच ठेवावी. रुग्णाच्या डोळ्यांत पाणी आले नाही तर स्वॅब बहुधा पुरेसा आत गेलेला नसतो. दुसऱ्या कांडीने घशाच्या मागच्या भिंतीवरून आणि टॉन्सिलवरून नमुना घ्यावा, जिभेला स्पर्श होऊ देऊ नये, आणि दोन्ही कांड्या एकाच व्हीटीएमच्या, म्हणजे विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रवाच्या, नळीत खुणेवर मोडून टाकाव्यात. वापरण्यापूर्वी नळी उजेडात धरून पाहावी. द्रव गुलाबी आणि स्वच्छ असावा. पिवळट किंवा गढूळ झाला असेल तर त्यात जंतू वाढलेले असतात आणि ती नळी टाकून द्यावी.

यानंतर शीतसाखळीचा भाग येतो, आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या तापीच्या खोऱ्यात यावर थोडे थांबून बोलणे भाग आहे. नमुना २ ते ८ अंश तापमानात ७२ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे. तेवढ्यात पोहोचणार नसेल तर तो उणे ७० अंशांवर गोठवावा लागतो. साध्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात किंवा उणे २० अंशांवर ठेवणे हा मधला मार्ग नव्हे, कारण त्या तापमानाला विषाणूचे आवरण हळूहळू फुटते. नळीचे झाकण घट्ट करून तिच्यावर नमुना क्रमांक आणि तारीख पाण्याने न पुसणाऱ्या शाईने लिहावी, ती शोषक कागदात गुंडाळून झिपच्या पिशवीत आणि पिशवी फिरकीच्या झाकणाच्या डब्यात उभी ठेवावी, आणि हा डबा लसीच्या कॅरियरमध्ये चारही बाजूंनी बर्फाच्या पॅकांच्या मध्ये बसवावा. माहितीचा फॉर्म कॅरियरच्या बाहेर वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवावा, नाहीतर तो भिजून शाई उतरते आणि चांगल्या नमुन्याची ओळखच हरवते.

वेळापत्रक रस्ता पाहून ठरवावे. शनिवारी घेतलेला नमुना रविवारी कोठेतरी पडून राहतो, म्हणून स्वॅबचे वार सोमवार ते बुधवार या दरम्यान ठेवणे श्रेयस्कर. धडगावहून खाली येणारा चांदसैली घाट पावसाळ्यात दरडी कोसळून बंद पडतो आणि नेमका तोच फ्लूचा मुख्य हंगाम असतो. पहाडातील केंद्रासाठी पर्यायी वाहतूक, कोण कोणाला फोन करणार यासह, मे महिन्यातच लिहून ठेवावी. ज्या आठवड्यात नमुने आलेच नाहीत त्या आठवड्यापुढे शून्य कधीही लिहू नये, ‘नमुने नाहीत’ असे लिहावे. शून्य बाधित आणि शून्य नमुने यांतला हा फरक एकदा पुसला गेला की पाच वर्षांनी आलेख पाहणाऱ्याला घाट बंद असलेले आठवडे निरोगी वाटतात.

प्रयोगशाळेत कॅरियर उघडल्याबरोबर सर्वप्रथम आतले तापमान वाचून नोंदवावे, मगच नळ्या बाहेर काढाव्यात. तापमान चढलेले असले तरी नमुना तपासावा, मात्र नोंद ठेवावी. एखाद्या केंद्राचे प्रमाण सलग खाली दिसू लागले की पहिली शंका या तापमानाच्या रकान्यावरच घ्यावी लागते.

तपासणी

नमुने हाताळणे जैवसुरक्षा स्तर २ च्या खोलीत, दुसऱ्या वर्गाच्या सुरक्षा कपाटात व्हावे. प्रत्येक नमुन्याचे लगेच किमान दोन भाग करावेत, एक तपासणीसाठी आणि दुसरा उणे ७० अंशांखाली जपण्यासाठी, म्हणजे तोच नमुना पुन्हा पुन्हा वितळवावा लागत नाही. वीज जाणाऱ्या भागात या फ्रीझरला जनित्राचा आधार हवा आणि पुरवठा खंडित झाल्याची सूचना देणारा गजरही हवा.

आरटी-पीसीआरचा क्रम असा ठेवावा. आधी इन्फ्लुएंझा ए आणि बी यांची चाचणी करावी. ए आढळला तर एच१एन१ आणि एच३एन२ हे उपप्रकार, बी आढळला तर त्याचा वंश पाहावा. बी विषाणूचा यामागाता वंश मार्च २०२० नंतर जगात कोठेही निश्चितपणे आढळलेला नाही, त्यामुळे आज सापडणारा बी बहुतेक व्हिक्टोरियाच असतो. तरीही यामागाताची चाचणी यादीतून काढू नये, कारण तो परत आला तर तो शोधणारे कोणीतरी हवे. सार्स-कोव्ह-२ (कोविडचा विषाणू) आणि आरएसव्ही हे दोन विषाणू आता प्रत्येक नमुन्यात पाहावेत. मानवी मेटान्यूमोव्हायरस, ऱ्हायनोव्हायरस, ॲडिनोव्हायरस आणि पॅराइन्फ्लुएंझा यांसाठी किट पुरत नसतील तर ठरावीक अंतराने येणारा नमुना, उदाहरणार्थ दर चौथा, या विस्तृत चाचणीसाठी घ्यावा आणि हे अंतर वर्षभर तेच ठेवावे. मेटान्यूमोव्हायरस २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये प्रथम ओळखला गेला आणि तो त्याच्याही कितीतरी आधीपासून माणसांत फिरत होता. जानेवारी २०२५ मध्ये त्याच्याविषयी जी घबराट पसरली, ती नियमित आकडे हाताशी असलेल्या जिल्ह्यात एका तक्त्याने शमवता आली असती.

प्रत्येक फेरीत मानवी आरएनेज-पी जनुकाची चाचणी असलीच पाहिजे. ते जनुक सापडले नाही तर नळीत रुग्णाच्या पेशीच आलेल्या नाहीत, म्हणजे स्वॅब नीट घेतलेला नाही किंवा आरएनए वेगळे करताना गडबड झाली आहे. असा निकाल ‘अवैध’ लिहावा, ‘निगेटिव्ह’ लिहू नये, आणि टक्केवारीच्या छेदातही धरू नये. एखाद्या केंद्राकडून अवैध नमुने वाढले तर तिथल्या कर्मचाऱ्यांना दोष देण्यापेक्षा तिथे जाऊन स्वॅब घेण्याची पद्धत पुन्हा दाखवून यावी.

किट बदलणे ही हंगामोहंगाम चालणाऱ्या कामातली सर्वात दुर्लक्षित बाब आहे. निविदा बदलते, पुरवठादार बदलतो, नव्या किटची संवेदनशीलता जुन्यापेक्षा वेगळी असते आणि पुढच्या हंगामाचा आलेख कोणाच्याही लक्षात न येता वर किंवा खाली सरकतो. जुने किट संपण्यापूर्वी साठवलेल्या काही पॉझिटिव्ह आणि काही निगेटिव्ह नमुन्यांवर दोन्ही किट समांतर चालवावीत, विशेषतः सीटी मूल्य (विषाणू दिसू लागेपर्यंत लागलेली पीसीआरची आवर्तने; विषाणू जितका कमी तितकी ती जास्त) जास्त असलेले क्षीण नमुने त्यात असावेत, आणि बदलाचा आठवडा आलेखावर उभ्या रेषेने दाखवावा.

पॉझिटिव्ह नमुन्यांपैकी काही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे पाठवावेत. ही संस्था १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली आणि आज जागतिक आरोग्य संघटनेच्या फ्लू जाळ्यातील राष्ट्रीय केंद्र आहे. ते जाळेही १९५२ चेच. तिथे विषाणू पेशींवर वाढवून त्याचे प्रतिजनी गुण, म्हणजे शरीरातील प्रतिपिंडे त्याला कितपत ओळखतात हे, आणि ओसेल्टामिवीर या फ्लूच्या औषधाला असलेला त्याचा प्रतिकार तपासता येतो. पाठवताना सीटी ३० च्या खालचे नमुने निवडावेत, कारण त्यांतून विषाणू वाढण्याची शक्यता जास्त. हंगामाच्या सुरुवातीचे, ऐन भरातले आणि शेवटचे असे तिन्ही टप्प्यांतले आणि वेगवेगळ्या वयांचे नमुने त्यात यावेत. लस घेऊनही आजारी पडलेल्यांचे आणि औषध चालू असताना बरे न झालेल्यांचे नमुने आवर्जून पाठवावेत.

आकडे, आठवडे आणि उंबरठा

सर्व नोंदी आठवड्याच्या क्रमांकाने कराव्यात, सोमवार ते रविवार. नमुना कोणत्या आठवड्यात धरायचा हे नमुना घेतल्याच्या तारखेवरून ठरवावे, निकालाच्या तारखेवरून नव्हे, नाहीतर यंत्र बंद पडल्यावर साचलेले नमुने एकाच आठवड्यात साथ उभी करतात. काही वर्षांना ५३ आठवडे येतात, २०२० ला होते आणि २०२६ लाही आहेत, हे तक्ता आखताना लक्षात ठेवावे.

मुख्य मोजमाप म्हणजे तपासलेल्या नमुन्यांपैकी बाधितांची टक्केवारी. समजा एका आठवड्यात ४० वैध नमुन्यांत ८ फ्लूबाधित निघाले आणि पुढच्या आठवड्यात पोळ्यामुळे १२ च नमुने येऊन त्यांत ४ बाधित निघाले. बाधितांची संख्या निम्म्यावर आली, टक्केवारी मात्र २० वरून ३३ वर गेली. पहिला आकडा साथ ओसरल्याचे सांगतो, दुसरा ती वाढल्याचे, आणि १२ नमुन्यांच्या बळावर दोन्हींपैकी कशावरही विश्वास ठेवणे घाईचे ठरेल. अशा वेळी तीन आठवड्यांची फिरती सरासरी काढावी आणि आलेखावर टक्केवारीच्या रेषेखाली नमुन्यांची संख्या स्तंभांनी दाखवावी, म्हणजे वाचणाऱ्याला रेषेचा आधार किती भक्कम आहे ते दिसते.

वर्षाची सुरुवात कोठे करायची, हा निर्णय दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. महाराष्ट्रात फ्लूची मुख्य लाट साधारण जुलै ते सप्टेंबर या काळात येते आणि अनेक वर्षी जानेवारी ते मार्च दरम्यान दुसरी, लहान लाट येते. जानेवारी ते डिसेंबर असे वर्ष धरले तर डिसेंबरमध्येच चढू लागलेली हिवाळी लाट दोन वर्षांत चिरली जाते. कडक उन्हाळ्यात प्रमाण तळाला असते, म्हणून माझ्या मते आपल्याकडे सर्वेक्षणाचे वर्ष एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून धरावे; शासकीय वर्षाशी ते जुळते हा वरचा फायदा.

तीन, शक्यतो पाच हंगाम जमा झाले की उंबरठा ठरवता येतो. प्रत्येक हंगामाचा आलेख काढून बहुतांश बाधित ज्या सलग आठवड्यांत सापडले ते आठवडे साथीचे म्हणून वेगळे करावेत. त्यांच्या आधीच्या, म्हणजे साथपूर्व आठवड्यांतील सर्वांत वरचे आकडे सर्व हंगामांतून एकत्र घ्यावेत. त्यांच्या सरासरीची वरची विश्वासमर्यादा, म्हणजे योगायोगाने होणारा चढउतार धरून खरी सरासरी जास्तीत जास्त जिथवर असू शकते तो आकडा, हा हंगाम सुरू झाल्याचा उंबरठा. टक्केवारी सलग दोन आठवडे त्याच्या वर राहिली की हंगाम सुरू झाल्याचे जाहीर करावे. नेहमीच्या हंगामाचा सरासरी आलेख काढताना मात्र आठवड्यांचे क्रमांक जुळवून सरासरी घेऊ नये. एका वर्षी शिखर जुलैत आणि दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात असेल तर अशा सरासरीत एक लांबट, बसका डोंगर उरतो, जो प्रत्यक्षात कोणत्याही वर्षी आलेला नसतो. सर्व हंगामांची शिखरे एकमेकांवर आणून मग सरासरी घ्यावी आणि तो आलेख शिखराच्या मध्यक आठवड्यावर बसवावा. २००९ चे महामारीचे वर्ष आणि फ्लू जवळजवळ नाहीसा झालेली २०२० व २०२१ ही वर्षे या पायाभूत हिशेबातून वगळावीत, पण आलेखातून पुसू नयेत.

आलेखाखाली स्थानिक घटनांची एक ओळ ठेवावी अशी माझी आग्रहाची सूचना आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशची लोकदेवता कानबाई बसते तेव्हा पुण्या-मुंबईला आणि सुरतेला गेलेली माणसे रोटांसाठी, म्हणजे तिच्या प्रसादासाठी, गावी परततात आणि ते दिवस नेमके फ्लूच्या चढत्या आठवड्यांत येतात. दिवाळीनंतर सातपुड्यातील आदिवासी कुटुंबे ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातकडे जातात व होळीला परततात. त्या काळात धडगाव किंवा नवापूरकडच्या केंद्राची लोकसंख्याच बदललेली असते, म्हणून तिथल्या रुग्णसंख्येतल्या घटीला आजाराची घट समजू नये.

साप्ताहिक अहवाल एका पानाचा असावा आणि तो आधी स्वॅब पाठवणाऱ्या केंद्राकडे जावा, नंतर वर. ज्या वैद्यकीय अधिकाऱ्याला आपल्या नमुन्यांचे निकाल आठवडाभरात मिळतात त्याच्याकडून नमुने येत राहतात. ज्याला मिळत नाहीत त्याचे नमुने हंगामाच्या मध्यावर थांबतात. काही वर्षांचे आकडे जमल्यावर त्यांचा सरळ उपयोग लसीच्या वेळेसाठी होतो: मुख्य लाट पावसाळ्यात असेल तर जोखमीच्या व्यक्तींना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना लस पावसाळ्यापूर्वीच द्यावी, आणि त्यासाठी जागतिक आरोग्य संघटना दर सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी सुचवते ती रचना तेव्हाची सर्वात ताजी असते.

उपप्रकार न ठरणारा नमुना

इन्फ्लुएंझा ए पॉझिटिव्ह, पण एच१ही नाही आणि एच३ही नाही, असा निकाल कधीतरी येतोच. सीटी मूल्य खूप जास्त असेल तर बहुधा विषाणूच थोडा असतो आणि उपप्रकाराची चाचणी त्याला पकडू शकत नाही. मात्र ए चा संकेत जोरदार असून उपप्रकार ठरत नसेल, तर खानदेशातल्या प्रयोगशाळेने ती गोष्ट दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. भारतातील कोंबड्यांमधला एच५एन१ बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरलाच झाला, त्याचे निदान भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत झाले, आणि पुढे जळगाव जिल्ह्यातही तो आढळला. २०२१ मध्ये नवापूरच्या पोल्ट्री शेडमध्ये बर्ड फ्लू पुन्हा आला, आणि त्याच वर्षी जुलैत एच५एन१ ने देशातला पहिला मानवी मृत्यू दिल्लीत झाला.

अशा नमुन्याच्या मूळ नळीतून आरएनए नव्याने वेगळे करून चाचणी पुन्हा करावी. दरम्यान केंद्राला फोन करून रुग्णाची प्रकृती, घरातील इतर आजारी माणसे, आणि गेल्या १० दिवसांत कोंबड्यांशी, पोल्ट्री शेडशी, मटण-चिकनच्या दुकानाशी किंवा मेलेल्या पक्ष्यांशी आलेला संबंध विचारून लिहून घ्यावा. हा नमुना स्तर २ च्या प्रयोगशाळेत कधीही वाढवायला लावू नये. दुसरा निकालही तसाच आला तर त्याच दिवशी जिल्हा सर्वेक्षण अधिकारी आणि पुण्याची संस्था या दोघांना दूरध्वनीने कळवावे, जपून ठेवलेला भाग कोरड्या बर्फात तिहेरी वेष्टनातून पुण्याला रवाना करावा, आणि पशुसंवर्धन विभागाच्या तालुका अधिकाऱ्याला त्या गावात पक्षी मेले आहेत का याची विचारणा करावी. या चारही जणांचे दूरध्वनी क्रमांक पीसीआर यंत्राशेजारच्या भिंतीवर लावलेले असावेत आणि दर एप्रिलमध्ये, वर्षाच्या पहिल्या आठवड्यात, ते एकदा लावून तपासावेत.